दर सोमवारची मोजणी

माझ्या जिभेच्या डाव्या कडेवर, खालच्या दुसऱ्या दाढेसमोर, एक पांढरट चट्टा आहे. सोमवारी, ४ ऑगस्ट २००३ रोजी सकाळी नऊ वाजता त्याची लांबी अकरा मिलिमीटर होती, रुंदी सहा. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढी लाल जागा. दुखत नाही. मागच्या सोमवारी लांबी साडेदहा होती. पण जीभ स्थिर राहत नाही, म्हणून अर्धा मिलिमीटर मोजण्यातली चूक धरावी.

चौदा महिने मी ती धरते आहे. चट्टा चार मिलिमीटरचा होता तेव्हापासून. आलेखाच्या कागदावर चढती रेघ इतकी सुबक आली आहे, की बी.एस्सी.ला असते तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

मंठ्यात माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे, एकवीस वर्षं झाली. आलेल्या माणसाच्या तोंडात पांढरं काही दिसलं, मानेला गाठ लागली, की मी सांगते, आजच औरंगाबादला जा. फार कडक आवाजात सांगते म्हणे. आरशासमोर तो आवाज निघत नाही. जीभ बाहेर असते.

सुरुवातीच्या वर्षांत रक्त काचेच्या बारीक नळीत तोंडाने ओढावं लागायचं. काचेला जोडलेल्या रबराचं टोक दातांत धरायचं, रक्त वीसच्या खुणेपर्यंत चढलं की टोकाला जीभ लावून ते थांबवायचं. जिल्ह्यात माझ्याइतकी अचूक जीभ नाही, असा माझा समज होता. कधी अंदाज चुकून थेंब तोंडात यायचा. मी चूळ भरायची आणि तपासणी पुन्हा करायची, आकडा चुकू नये म्हणून. काळजी होती ती आकड्याची.

१९९८ साली हेपटायटिस सी तपासायची कार्डं माझ्याकडे आली. एक रेघ आली तर रक्तात काही नाही, दोन आल्या तर काविळीचा तो विषाणू असण्याची शक्यता. नवा डबा उघडला की आधी खात्रीच्या निरोगी रक्तावर एक कार्ड पारखून घ्यायचं. खात्रीचं निरोगी रक्त कुणाचं? अर्थात माझं.

दोन रेघा आल्या. मी जालन्याच्या विक्रेत्याला, सुगनचंदजींना, खरमरीत पत्र लिहून डबा परत पाठवला. दुसऱ्या डब्यातही दोन. तिसरा वेगळ्या कंपनीचा मागवला, तोही खराब निघाला. शेवटी त्यांचा फोन आला.

"मॅडम, माल बिलकुल बराबर आहे. एखाद वेळी दुसऱ्या कुणाचं रक्त घालून बघा ना."

काचसामान धुणाऱ्या झुंबरबाईचं घातलं. एकच रेघ. त्या दिवसापासून लॅबचं खात्रीचं रक्त झुंबरबाईचं झालं, आणि त्या विषयावर विचार करणं मी थांबवलं. विज्ञानाची पदवीधर ना मी.

वही मात्र ठेवली. दोन रेघा आलेल्यांपैकी कोण पुढे तोंडाचं किंवा घशाचं दुखणं घेऊन आलं, याची. पाच वर्षांत पाच जण. त्यातल्या तिघांना तंबाखू-दारूचा वासही चालत नसे. वही दाखवली तेव्हा समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर हसले. "लिव्हरचा आजार घशात कशाला चढेल? पाच माणसं म्हणजे पुरावा नव्हे." त्यांचं बरोबर होतं. मी पाचाच्या खाली सहावी ओळ आखली, नाव न लिहिता, आणि पुरावा वाढायची वाट पाहत बसले. तो वाढत होता, माझ्याच तोंडात.

त्या सोमवारी अकराच्या सुमाराला आष्टीचे तातेराव गुरुजी आले. वहीतली चौथी ओळ. कानाखालून गळ्यापर्यंत व्रण, आवाज घोगरा, हातात पेढ्यांचा पुडा.

"गोड घ्या मॅडम. दिवाळीनंतर तुम्ही अंगावर ओरडल्या म्हणून वाचलो. डॉक्टर म्हणले, अजून दोन महिने काढले असते तर गळ्यात नळी घेऊन फिरला असता."

"ओरडले नव्हते मी."

"ओरडल्या की!" मोरीवरून झुंबरबाई म्हणाली. "माझ्या हातातली काच फुटली तवा."

गुरुजी हसले. "मी म्हणलं, कापूस वेचून झाला की जातो. तर तुम्ही म्हणल्या, कापूस थांबंल, गाठ थांबणार न्हाई."

असं मी म्हणाले होते खरी. वाक्य बरं होतं.

ते गेल्यावर मी पेढा तोंडात टाकला. झुंबरबाई पदराला हात पुसत समोर येऊन उभी राहिली.

"उजवीकडूनच खाता बाई. वर्ष झालं बघून राह्यले."

"दाढ दुखते."

"आन् दर सोमवारी आरशाला जीभ दाखवता, ते? आरसा काय डॉक्टर हाय का?"

"मी मोजते आहे."

"मोजा की. पण किती झाल्यावर जायचं ठरलंय?"

मी वहीतल्या मोजणीच्या पानांकडे पाहिलं. तारखा होत्या, लांबी-रुंदी होती, मोजण्यातली चूकसुद्धा होती. किती झाल्यावर जायचं, हा आकडा कुठेच नव्हता. तो पहिल्याच पानावर लिहायचा असतो. एखादी शिकाऊ मुलगी तो विसरली असती, तर तिला मी सगळं पुन्हा करायला लावलं असतं.

"जीभ कापतील," मी म्हणाले. चौदा महिन्यांतलं हे पहिलं खरं निरीक्षण.

"कापू द्या. तशाबी दिवसाला धा शब्द बोलता. तेवढे मी बोलंन तुमच्या वाटचे." तिने कमरेची मिश्रीची डबी काढली, माझ्याकडे पाहिलं, आणि न उघडता परत खोचली. अठरा वर्षं मी तिला तोंडाच्या कॅन्सरवर व्याख्यानं दिली होती.

मी पेनचं टोपण काढून त्या पाच जणांखालच्या सहाव्या ओळीत माझं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं जरा वाईट वाटलं.

झुंबरबाई अजून उभीच होती. ऐकल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"उद्या लॅब बंद," मी म्हणाले. आवाज कडक निघाला. "पहिल्या गाडीनं मी औरंगाबादला जाते आहे. जिभेचा तुकडा तपासायला देणार."