दोन व्याही आणि तीन स्क्रू

माझ्या सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात, घरातसुद्धा. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवलं. माझे बाबा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे. दोघंही आता निवृत्त आहेत, दोघांचीही तब्येत ठणठणीत आहे आणि दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नाही.

झालं असं की बाबांनी साठीनंतर गाडी शिकायचं मनावर घेतलं. शिकवायला घरचे व्याहीच. भर चौकात मास्तरांनी आपल्या पायाखालचा जादा ब्रेक कचकन दाबला आणि म्हणाले, "व्याही, तुम्हाला दिसतं का काही?" लोकांना 'दिसतं का' विचारण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हा प्रश्न! बाबा उतरले, दार आपटलं आणि खिडकीतून वाकून म्हणाले, "तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय. आधी तो बघा." मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं, डोळ्याला मात्र नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चालतं. मी एकाची मुलगी आणि दुसऱ्याची सून, म्हणजे बिनपगारी टपालखातंच.

एरवी मी हेही निभावलं असतं, पण मला नोकरी चालून आली होती. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत, भल्या सकाळची पाळी. माझ्या लेकीच्या, चिमणीच्या, जन्मापासून मी घरी होते आणि ही नोकरी मला हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. चिमणीची बालवाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला. मास्तरांनी तिला गाडीनं न्यायचं-आणायचं, दुपारी बाबांनी यायचं आणि मी परतेपर्यंत दोघांनी एका छपराखाली राहून पोर सांभाळायची. संध्याकाळी सहापर्यंत मला होय की नाही ते कळवायचं होतं. नवऱ्याला विचारलं तर "तुमचं तुम्ही बघा" म्हणून तो कामावर निघून गेला. त्याला यातलं सगळं कळत होतं, म्हणूनच तो इतक्या लवकर गेला.

म्हणून मी दुर्बिणीचा घाट घातला.

ही दुर्बीण मास्तरांना एका जुन्या विद्यार्थ्यानं घर बदलताना देऊन टाकली होती. नळीच्या तळाशी मोठा गोल आरसा, तोंडाशी छोटा तिरका आरसा, आणि बघायचं ते बाजूच्या भोकातून. मागच्या सीटवरून खड्ड्याखड्ड्यांतून घरी येताना दोन्ही आरसे हलले, आणि तेव्हापासून तिच्यातून चंद्र म्हणजे पाण्यात विसरलेला साबण दिसायचा. आरसे जुळवायचे तर बाजूच्या भोकाला डोळा लावून तळाचे तीन स्क्रू फिरवावे लागतात. मोठ्या आरशाच्या मधोमध कागदाची इवलीशी चकती चिकटवलेली असते, ती बरोबर मध्यावर दिसली की काम झालं. नळी मात्र इतकी लांब की डोळा इथे ठेवला तर हात तिथे पोचत नाही. दोन माणसं लागतातच. मी बाबांना दुपारीच बोलावून घेतलं आणि मास्तरांना म्हणाले, "मला भांडी आहेत. तुम्ही दोघं करा."

जेवणाच्या टेबलावर दुर्बीण आडवी ठेवली. मास्तर डोळा लावून बसले, बाबा तळाशी स्क्रूंपाशी. चिमणी आत झोपली होती. मी ओट्यापाशी एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत उभी राहिले, कारण तिथून सगळं दिसत होतं.

"घ्या, जरा डावीकडे घ्या," मास्तर सुरू झाले. "घ्या... घ्या... येऊ द्या... बस."

"हे आधीचं," बाबा म्हणाले. मग स्क्रू फिरवून, "आणि हे आत्ताचं. कुठलं बरं?"

"आत्ताचं."

"नक्की? परत दाखवतो. हे आधीचं." आणि त्यांनी स्क्रू होता तिथे परत नेला.

अशानं काय होणार? एक माणूस गाडी मागे घेत होता, दुसरा चष्म्याचा नंबर काढत होता. चकती मास्तरांच्या सांगण्यानुसार मध्यावर आली, मग गेली, मग परत आली. बाबांना घाम फुटला. "सूनबाई," मास्तर नळीवरून मान न उचलता म्हणाले, "तुझ्या वडलांना सांग, मी 'बस' म्हटल्यावर थांबायचं."

"तुझ्या सासऱ्यांना सांग, मी थांबलेलोच आहे. आरसा आपोआप चालतोय."

आरसा आपोआप कसा चालेल, म्हणून मी पातेलं ठेवून जवळ गेले. मास्तरांचा डावा हात नळीच्या तोंडाशी होता. तिथे छोट्या आरशाचे स्वतःचे बारीक स्क्रू असतात. बाबांनी तळाचा स्क्रू फिरवला की मास्तर गुपचूप वरचा फिरवत होते. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि आपण नुसतं बसायचं, हे त्यांना जन्मात जमलेलं नाही.

"मास्तर, हात मांडीवर," मी म्हणाले.

"मी फक्त सांभाळत होतो."

"मांडीवर."

त्यांनी हात खाली घेतला. बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मला आवडलं नाही. छोटा आरसा बाबांनी येऊन नीट केला आणि काम पहिल्यापासून सुरू झालं.

आता तरी दहा मिनिटांत उरकायला हवं होतं. उरकलं नाही. "आधीचं", "आत्ताचं", "आत्ताचं", "आधीचं" असं चालू राहिलं आणि हळूहळू बाबांचा आवाज बदलला. चिडका होता तो मऊ झाला. दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी ते असंच बोलायचे. मी बघितलं तर त्यांचा हात स्क्रूवर नव्हताच. दोन्ही हात मांडीत होते.

"हे आधीचं," ते म्हणाले. काहीच हललं नाही. "आणि हे आत्ताचं."

"आत्ताचं," मास्तर ठामपणे म्हणाले. "पुष्कळच बरं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि हलकेच मान हलवली. मी होय कळवलं की रोज सकाळी हाच डोळा माझ्या चिमणीला घेऊन भर रहदारीतून जाणार होता. बाबांनी वर्षानुवर्षं वाट पाहिलेला क्षण त्यांच्यासमोर आयता आला होता आणि ते एक अक्षर बोलत नव्हते. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि रागही आला. मग मीच बोलायला तोंड उघडलं, पण मास्तर त्याआधीच नळीपासून बाजूला झाले. तळाशी स्क्रूची कुरकुर केव्हाच थांबलीय, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं.

"व्याही," ते म्हणाले. मधे मला न घालता, थेट. "तुम्ही स्क्रू फिरवत नव्हतात ना?"

"मघापासून नाही."

"आणि मी फरक सांगत होतो."



मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आरशात न बघता नुसती मान वळवणारी पोरं यायची माझ्याकडे. बघितलं का विचारलं की हो म्हणायची. एकालाही मी पास केलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, त्या चकतीच्या जागी मला नुसतं धुकं दिसतं. बरेच दिवस झाले. गाडी आता मी चालवणार नाही."

मला रडू आलं. थोडं त्यांच्यासाठी, बरंचसं नोकरीसाठी, खोटं कशाला बोलू. "असू दे," मी म्हणाले. "मी नाही म्हणून कळवते."

"नाही म्हणून का कळवतेस?" मास्तर खेकसले, आणि ते खेकसल्यावर मला जरा बरं वाटलं. "बालवाडीच्या दारात बस थांबते. मी चिमणीचा हात धरीन." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "आणि रस्ता ओलांडताना व्याही माझा धरतील. धरतील ना?"

"धरीन की," बाबा म्हणाले. "सकाळीच येत जाईन. डॉक्टरकडेही आपणच जाऊ. अर्ध्या तासाचं काम असतं ते, दुखत नाही."

"दुखायचं कोण म्हणतंय?"

"कुणीच नाही."

मी डोळे पुसून फोन लावायला उठले. मागे दोघांनी जागा बदलल्या. आता बाबा भोकाशी बसले आणि मास्तर स्क्रूंपाशी.

"डावीकडे," बाबा म्हणाले.

"कुणाच्या डावीकडे? तुमच्या की माझ्या?"

"चकतीच्या."

"चकतीला कसली आलीय डावी बाजू! नीट सांगा, शिकवायची ही काय पद्धत आहे?"

पलीकडे फोन उचलला गेला. बाईंनी नाव विचारलं, कामावर यायची तारीख सांगितली, आणि मग जरा थांबून विचारलं, "मुलीला सांभाळायची सोय झाली ना? मागे कसला आरडाओरडा चाललाय?"

"तीच सोय आहे," मी म्हणाले. "झाली."