बादलीला लाथ

ती घरी बसून इंग्रजी मालिकांच्या मराठी सबटायटल्स लिहायची. कानावर हेडफोन, समोर पडदा, आणि खाली दोन ओळींत मावेल एवढंच मराठी. आई गेल्यापासून दोन खोल्यांच्या त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. दिवसभर लोकांचं बोलणं ऐकायचं, पण स्वतः बोलायची वेळ क्वचितच यायची. फोन वाजला तर पहिला शब्द घोगरा निघे आणि पलीकडचा विचारी, "झोपला होतात का?"

एकदा संध्याकाळपर्यंत सहाशे ओळी द्यायच्या होत्या. दृश्यात अंगण होतं, अंगणात बादली होती आणि नातू म्हणत होता की आजोबांनी बादलीला लाथ मारली. तिनं घाईत तसंच लिहून टाकलं. पुढच्या दृश्यात आजोबांची अंत्ययात्रा होती, पण तो भाग तिच्याकडे दुसऱ्या दिवशी आला.

तीन आठवड्यांनी कंपनीनं एका प्रेक्षकाचं पत्र तिच्या पत्त्यावर पाठवलं. आखीव कागद, वळणदार अक्षर. 'बाई, आजोबा वारले हो. इंग्रजीत बादलीला लाथ मारणं म्हणजे मरणं. बादलीचा काही दोष नाही. डुकरं टांगायच्या आडव्या लाकडाला इंग्लंडात कुठेकुठे बादलीच म्हणत, आणि मरताना जनावर त्यावर पाय झाडायचं, असं सांगतात. कुणी म्हणतं, गळफास घेणारा बादलीवर उभा राहून ती लाथाडायचा, त्यावरून आलं. खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही. मी इंग्रजी शिकवायचो. आठ वर्षांपूर्वी ऐकू येणं बंद झालं, म्हणून तुमच्या ओळी वाचतो. तुमचं मराठी गोड आहे, म्हणून लिहिलं.'

ती लाजली, मग हसली. हसण्याचा आवाज ऐकून तिलाच नवल वाटलं. तिनं आभाराचं पत्र पाठवलं. मास्तरांचं उत्तर आलं. तिच्याच 'साहेब हवामानाखाली आहेत' या ओळीवर अख्खं पान होतं. साहेबांची तब्येत बरी नव्हती, एवढंच म्हणायचं होतं. जहाजावरच्या आजारी खलाशांवरून ते आलं असावं, पण पैजेवर सांगणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

मग ती सावध झाली. प्रत्येक वाक्प्रचार कोशात बघून लिहू लागली. चुका संपल्या तशी पत्रंही संपली. दीड महिना पोस्टमन बिलं तेवढी टाकून गेला.

एका दुपारी नायिका म्हणाली, की सासूनं तिला थारा दिला नाही. इंग्रजीत त्याला थंड खांदा देणं म्हणतात. तिला अर्थ पक्का माहीत होता. बोटं थोडा वेळ थांबली, आणि तिनं लिहिलं, 'सासूनं मला थंड खांदा दिला.'

भाग दाखवला गेला आणि सहाव्या दिवशी पत्र आलं. 'नको असलेल्या पाहुण्याला गरम जेवणाऐवजी खांद्याचं गार मांस वाढायचे, अशी गोष्ट सांगतात. मला पटत नाही. पाठ फिरवायची झाली की आधी खांदाच फिरतो. ऐकू येईना तेव्हा स्टाफरूममध्ये मी ते पाहिलंय.'

त्यानंतर दर दोन आठवड्यांनी ती एक चूक घालू लागली. चूक निवडायला ती मूळ कामापेक्षा जास्त वेळ घेई. पाच महिने हे चाललं. मग कंपनीतल्या सुपरवायझर बाईंचा फोन आला.

"अहो, पिशवीतून मांजर बाहेर आलं म्हणजे काय? लोक हसताहेत आम्हाला."

"गुपित फुटलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

तिच्यानं खोटं बोलवेना. मालिका तिच्याकडून काढून घेतली. त्या रात्री नव्हे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मास्तरांना सगळं लिहून कळवलं.

उत्तरात एकच ओळ होती. 'मग मी इतके दिवस कुणाच्या चुका सुधारत होतो?'

पत्त्यावरून घर शोधत ती गेली. बेल दाबल्यावर आवाजाऐवजी आत दिवा लुकलुकला. दार उघडलं ते उंच, किंचित वाकलेल्या माणसानं. तिनं पाकिटावरचं स्वतःचं नाव दाखवलं. ते बाजूला झाले. टेबलावर वही आणि पेन्सिल होती; आलेल्या माणसानं त्यात लिहायचं आणि मास्तरांनी मोठ्यानं बोलायचं, अशी रीत दिसली. वहीची पहिली दोनच पानं भरलेली होती.

"म्हाताऱ्याची कीव आली तुम्हाला," ते म्हणाले. आवाज खोलीपेक्षा मोठा होता. "उपयोग नसलेल्या माणसाला काम दिलंत."

तिनं लिहिलं, 'कीव नाही. माझ्याकडेही दुसरं कुणाचं पत्र येत नाही.'

त्यांनी वही जवळ ओढून ते पुन्हा वाचलं.

"मग हेच लिहायचं होतं पत्रात."

'जमलं नाही. चूक करणं सोपं गेलं.'

मास्तरांनी उठून चहा टाकला. दुसरा कप सापडेना म्हणून तिला कपात दिला आणि स्वतः पेल्यात घेतला. तासाभरात वहीची चार पानं भरली. ती निघताना त्यांनी राग गेल्याचं काही सांगितलं नाही. "आता लिहिलंत तर काही न चुकता लिहा," एवढंच म्हणाले.

घरी ती कागद घेऊन बसली. मायन्यापुढे काही सुचेना. दुसऱ्यांचं बोलणं उतरवायची सवय, स्वतःचं काय सांगणार? तिसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, की नवीन काम अजून मिळालेलं नाही, आईची खोली ती उघडत नाही, आणि काल दिवसभर ती कुणाशीच बोलली नाही. पत्र पेटीत टाकून ती लगेच परतली नाही. रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून राहिली.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. त्यात एकाही वाक्प्रचाराचा अर्थ नव्हता. मास्तरांनी लिहिलं होतं, की त्यांना स्वतःचा आवाज आता आठवत नाही, आणि तो कसा आहे हे तिनं कळवावं.