चिंधी बांधलेलं क्लच हाउसिंग

माझं क्लच हाउसिंग तुम्ही भंगारात घातलंत. हरवलं नाही, चोरीला गेलं नाही. तुम्ही घातलंत. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण तुमच्याकडे वकील आहेत आणि माझ्याकडे झेंडू. पण वाचलंत तर तुमचं तुम्हाला कळेल.

मी रंगनाथ. पहाटे मार्केट यार्डातून फुलांचे गठ्ठे आणतो, विश्रांतवाडीत माझी बायको वेणूबाई त्यांचे हार करून विकते. मधलं सगळं अंतर तुमच्या जुन्या मोटारसायकलचं. तिला मागे लोखंडी कॅरिअर वेल्डिंग करून घेतलंय, दोन्ही अंगांना गठ्ठे लटकतात. हल्लीच्या गाड्यांची शेपटी वर आणि अंगात प्लास्टिक. त्यांच्यावर मैत्रीण बसते, झेंडू बसत नाही.

नवरात्र तोंडावर असताना बंडगार्डनच्या पुलावर गाडी नुसती ओरडायला लागली. रेस घेते, पुढे सरकत नाही. ढकलत आणली. आमचा मेकॅनिक बद्रीनाथ, त्याने इंजिन खोललं आणि क्लचच्या प्लेटा ज्यात बसतात ते हाउसिंग माझ्या हातावर ठेवलं. कडेच्या दोन पाकळ्या तुटलेल्या.

"कंपनीचं मिळालं तर बघा, रंगनाथभाऊ, ते टिकेल. नाहीच मिळालं तर लेथवाला यावरून दुसरं करून देईल. पण हे सांभाळा. हे गेलं की गाडी गेली."

नाना पेठेत दुकानदाराने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. तुम्ही पार्ट शोधताय का उत्खनन करताय?"

"आहे का नाही ते सांगा."

"नाही. पुढच्या गल्लीतही नाही. तिथे कुणी आहे म्हणालाच, तर दुसऱ्या गाडीचं गळ्यात मारेल. कंपनीत जा. त्यांनीच जन्माला घातलीय."

म्हणून खराडीच्या तुमच्या सर्व्हिस सेंटरला आलो. गार हवा, कॉफीचं मशीन, काउंटरमागे अनिरुद्ध नावाचे साहेब.

"सर, सिस्टिमला कोडच येत नाही. आपण पीस इथे ठेवा. हेड ऑफिसला फोटो पाठवतो, जुन्या गोडाउनला एखादा असला तर कळेल."

"पावती?"

"गाडी आत आली तरच जॉब कार्ड निघतं, सर. काळजी करू नका."

नाही केली. यार्डात आमची रीत अशी की गठ्ठा घेतला की त्याला आपली चिंधी बांधायची आणि कुणाच्याही गाळ्यापुढे टाकून चहाला जायचं. चिंधी दिसली की त्या मालाला हमालसुद्धा हात लावत नाही. पावती मागितली तर गाळेवाल्याला राग येतो. मी त्या रीतीतला माणूस. वेणूबाईच्या जुन्या पातळाची हिरवी चिंधी त्या हाउसिंगला बांधली, गाठ पक्की केली आणि निघून आलो. अनिरुद्धसाहेब हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

पुढच्या आठवड्यात गेलो. त्यांनी मागे जाऊन पाहिलं, फोन केला, परत पाहिलं.

"सर, शनिवारी स्क्रॅप क्लिअर होतं. जॉब कार्ड नसलेलं सगळं जातं. पॉलिसी आहे."

मग ड्रॉवर उघडून त्यांनी काउंटरवर चिंधी ठेवली.

"कापड वेगळं काढावं लागतं, सर."

तुमचा भंगारवाला शोधला. माल भट्टीला गेला होता. लेथवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, नमुना दाखवा. म्हटलं, नमुनाच नाही.

"मग मी काय स्वप्नात बघून दात पाडू?"

रविवारी जुन्या बाजारात लोखंडाचे ढीग उपसले. तिथेही तेच, सॅम्पल आणलंय का? हात काळे करून घरी आलो.

शेवटी बद्रीनाथने पत्ता काढला. लोहगावात आप्पासाहेब म्हणून आहेत. जमिनी विकून दारात मोठ्या गाड्या आल्या, पण म्हातारा फिरतो याच मोटारसायकलवर. त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, एक दिवस हाउसिंग काढून द्या, लेथवाल्याला दाखवून आणून देतो.

"चालती गाडी हाय माझी," ते म्हणाले. "खोलली अन् परत न्हाई बसली तर? मग दोघांनी मिळून तिसरा गाठायचा का?"

मी उठायला लागलो.

"राग मानू नगं. च्या घे. मी मेलो की ये, पोरं अख्खी गाडीच देतील."

राग कसला मानायचा? त्यांच्या जागी मीही हेच बोललो असतो. चहा घेतला आणि बसने परत आलो.

नवरात्रात फुलं रिक्षाने आणली. रिक्षात माल निम्मा मावतो आणि नफा रिक्षावाला नेतो. खंडेनवमीला लोक आपापल्या गाड्यांना हार घ्यायला आले, तर दुपारीच टोपली रिकामी.

"अहो, आजच्या दिवशी हार संपतात कसे?" एकजण म्हणाला.

"विकले की संपतात," वेणूबाई म्हणाली. "तुमच्याकडे गाडी आहे, पुढच्या चौकात जा."

संध्याकाळी, चुरगळली म्हणून बाजूला टाकलेल्या फुलांचा हार करून तिने आमच्या गाडीला घातला.

"बंद गाडीला कशाला?"

"तिने काय केलंय?"

दसरा झाल्यावर पुन्हा खराडीला आलो. अनिरुद्धसाहेबांनी एक्स्चेंज ऑफरचा कागद पुढे केला.

"ऑफर नको. ही पॉलिसी कुणी ठरवली?"

"वरून येते, सर."

"वर कोण बसतं?"

ते खरोखर आठवत राहिले. त्यांनाही माहीत नव्हतं.

म्हणून आता जो कुणी वर बसलाय त्याला विचारतो. गाडी काढायची बंद केलीत, तुमचा धंदा. पार्ट बंद केलेत, तोही तुमचा धंदा. पण ते हाउसिंग तुमचं नव्हतं. तुटकं का होईना, माझं होतं, आणि त्यावरून दुसरं झालं असतं. माझी वस्तू मला न विचारता भट्टीत घालायचा हुकूम कुणी दिला? माफी नको, कूपन नको, पॉलिसी तर नकोच. त्या माणसाचं नाव सांगा.