वर येतानाचा दम

धरणावरच्या मुकादम दत्तोबाने लाकडी खोके लेथशेजारच्या बाकावर टेकवले आणि झाकण उघडण्याआधीच सांगून टाकले, "निवृत्तीभाऊ, आधी बघा. मग न्हाई म्हना."

"मी कधी नाही म्हटलंय?"

ते खरे होते. लोणावळ्याच्या बाजारामागे, रुळांकडे पाठ केलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये निवृत्ती केदारी बारा वर्षे मोडलेल्या वस्तू चालत्या करीत होता. पंप, शिवणयंत्रे, बंगलेवाल्यांची घड्याळे; त्याच्या बाकावरून वस्तू परत गेली ती चालतच गेली. त्याआधी नऊ वर्षे तो मुंबईला आरमारात होता. पाण्याखाली काम करणाऱ्या गड्यांची श्वासयंत्रे सांभाळणे ही त्याची नोकरी. स्वतः तो पाण्यात फारसा उतरला नाही. उतरणाऱ्यांचा श्वास मात्र त्याच्या बोटांखालून गेला.

म्हणून खोक्यात काय आहे ते त्याला पाहताक्षणी कळले. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसा पितळेचा डबा, हिरवा पडलेला. त्याच्या दोन बाजूंनी निघालेल्या चुणीदार रबरी नळ्या, आणि त्या जिथे भेटत तिथे दातांत धरायचा तुकडा. एका नळीतून श्वास येई, दुसरीतून जाई. डोंगरापलीकडच्या धरणाचा पाया तपासायला आलेला कुणी परदेशी इंजिनियर नऊ-दहा वर्षांपूर्वी हे गुदामात टाकून गेला होता. पाठीला बांधायच्या हवेच्या टाक्या अजून तिथेच होत्या.

"कुणासाठी?" निवृत्तीने विचारले.

"नवसूसाठी. मळवलीच्या वरच्या वाडीतला."

नवसूला तो ओळखत होता. धरणाच्या तळच्या दारापुढे लोखंडी जाळी होती. दर चैत्रात पाणी उतरले की नवसू कमरेला दोर बांधून, छातीत हवा भरून, तीस फूट खाली जाई आणि जाळीत गुंतलेल्या फांद्या व शेवाळ उपसून वर आणी. अंगावर लंगोटी आणि हातात कोयता, याखेरीज काही नसे. पंधरा वर्षे हे काम त्याचे होते. पण गेल्या साली त्याच्या नाकातून रक्त आले, डावा कान वाजू लागला, आणि जिथे वीस बुड्यांत जाळी मोकळी होई तिथे चाळीस लागल्या.

"सायब म्हनतो, मुंबैचं पानबुडे आनू, त्यांच्या सामानासकट," दत्तोबा म्हणाला. "म्हंजी नवसू गेला. पर ह्ये चालू झालं तर त्योच खाली जाईल, आरामात बसून जाळी साफ करील. विडी तेवढी वढता यायची न्हाई."

"आठ दिवस दे," निवृत्ती म्हणाला.

त्याला तीनच दिवस लागले. पितळेवरचा हिरवा थर चिंच आणि राखेने निघाला. आतली तरफ शाबूत होती. बिघडले होते ते रबर: काळाने त्याच्यातला लवचीकपणा शोषून घेतला होता, बोट लावताच ते सुक्या पानासारखे तुटले. निवृत्तीने मोटारीच्या ट्यूबचे पातळ रबर घेतले आणि डब्याच्या मधला पडदा कापला. तोच त्या यंत्राचा प्राण. माणसाने श्वास मागितला की पडदा आत झुकावा, तरफ दाबली जावी, आणि मागितली तेवढीच हवा यावी; अधिक नाही, उणी नाही. जग इतके नेमके देत नाही, असे त्याला आरमारात असतानाही वाटे. पडदा बसवून त्याने दातांचा तुकडा तोंडात धरला आणि ओढले. आत कुठेतरी टक् झाले. बाहेरून मालगाडी गेली. तिचे डबे त्याने मोजले नाहीत, एरवी मोजत असे.

यंत्र सुधारणार होते. याबद्दल आता शंका उरली नव्हती, आणि नेमकी तिथूनच त्याची अडचण सुरू झाली.

मुंबईला असताना त्याच्या तुकडीतला एक गडी अवघ्या चौदा फुटांवरून वर आला आणि मेला. यंत्र ठीक होते. निवृत्तीने स्वतः ते नंतर खोलून पाहिले होते. गडी घाबरला आणि वर येताना त्याने श्वास रोखला, एवढेच. खाली पाण्याच्या भाराखाली घेतलेली हवा वर येता येता फुगते. तीस फुटांवरची छातीभर हवा वर येईपर्यंत जवळजवळ दुप्पट होते, आणि तोंड मिटलेले असेल तर तिला जायला एकच वाट राहते, फुप्फुस फाडून. यंत्राने श्वास घेणाऱ्याने वर येताना श्वास सोडतच यायचे असते. हा पहिला नियम आणि हाच शेवटचा.

आणि नवसूची सारी विद्या श्वास धरण्याची. वरूनच भरून नेलेली हवा वर येताना पुन्हा तेवढीच होते, म्हणून ती विद्या त्याला आजवर तारत आली होती.

पुढल्या मंगळवारी निवृत्तीने त्याला कार्ल्याच्या रस्त्यालगतच्या बंद पडलेल्या दगडखाणीवर बोलावले. तिथले पाणी पंचवीस फूट खोल आणि चैत्रात तळ दिसावा इतके नितळ असे. यंत्र त्याने आणले नव्हते. नवसू आला तो एकटा नव्हता. बायको बायडाबाई डोईवर भाकरीचे फडके घेऊन मागून आली आणि काठच्या दगडावर पाय पसरून बसली.

"भाऊ, यंतर कुटं हाय?" नवसूने विचारले.

"आधी यंत्राविना. खाली जा, तळाला हात लाव, आणि वर येताना दम सोडत ये. बुडबुडे दिसले पाहिजेत मला, तळापासून वरपर्यंत."

नवसूने त्याच्याकडे पाहिले. मग बायकोकडे. "दम सोडायचा?"

"हो."

"पान्यात?"

"पाण्यातच."

"आन् मग माजं मयत कोन न्हेनार, तुमी का मुकादम?"

बायडाबाई हसली. निवृत्तीला हसू आले नाही, कारण नवसूने शब्दाचा विनोद केला नव्हता. त्याच्या वाडीत दम धरला म्हणजे माणूस टिकला, आणि दम सोडला म्हणजे माणूस गेला. दोन्ही वाक्यांत तिसऱ्या अर्थाला जागा नव्हती. पंधरा वर्षे ज्या एका गोष्टीने त्याला जिवंत वर आणले, तीच आता टाकून दे असे हा बाजारातला मिस्त्री सांगत होता.

तरी तो गेला. पाणी त्याच्यावर बिनआवाज मिटले. कमरेचा दोर निवृत्तीच्या हातातून सरकत गेला, थांबला, सैल झाला. पांढुरक्या तळावर काळा हात टेकलेला दिसला. मग नवसू वर आला, सरळ, सुंदर, ओठ घट्ट मिटून. एकही बुडबुडा नाही.

"सोडला का?"

"इसरलो."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा अगदी वर आल्यावर एक फुगा फुटला. चौथ्यांदा नवसू काठाला धरून चिडला. "मनात म्हनतो सोडू, पर ऊर आइकत न्हाई, भाऊ. आतनं कुनी दार लावल्यागत व्हतंय."

'दम' या शब्दाने काम होणार नाही हे निवृत्तीला दिसत होते, आणि दुसरा शब्द त्याच्याकडे नव्हता. तो बायडाबाईने दिला, तोही टोमणा म्हणून.

"रानात कूक घालतो तवा बरा दम सुटतोय," ती म्हणाली. "मी पल्याडच्या डोंगरावर आसले तरी कानठळ्या बसत्यात."

डोंगरातली माणसे एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर हाक मारतात ती कूक. शब्द नसतो तिच्यात; नुसता लांबलचक, वर चढत जाणारा सूर, छाती रिकामी होईपर्यंत.

"नवसू," निवृत्ती म्हणाला, "दम राहू दे. तळाला हात लाव आणि तिथून हिला कूक घाल. वर येईस्तोवर थांबू नको."

नवसू खाली गेला. तळापाशी तो वळला, मान वर केली, आणि त्याच्या तोंडातून चांदीसारखी बुडबुड्यांची माळ सुटली. ती त्याच्या आधी वर आली, त्याच्याबरोबर वर आली, आणि तो पाण्याबाहेर डोके काढताना तिचे उरलेले टोक हवेत आवाज होऊन उमटले. ऊऽऽक. खाणीच्या कड्यांनी तो परत दिला.

"व्हय गं, आइकू आलं का?" तो ओरडला.

"घरी ये म्हनत व्हतास का जेव म्हनत व्हतास, ते काय कळलं न्हाई."

त्याने आणखी पाचदा ते केले, पाचही वेळा बिनचूक. निवृत्तीच्या मनात यंत्र पूर्ण जुळले: टाक्या मुंबईहून भरून आणायच्या, नळ्या नव्या करायच्या, पट्टे चांभाराकडून. तो पडदा खरोखर पाण्याखाली झुकताना त्याला पाहायचा होता. स्वतःच्या मनाची ही ओढ त्याने ओळखली, आणि म्हणूनच सातव्या खेपेला ठरवले की आता विचारायचे ते नवसूच्या मनाला नाही, उराला विचारायचे.

नवसू तळाशी पोचला तेव्हा निवृत्तीने, काही न सांगता, दोराला दोन जबर हिसके दिले.

खाली काळी आकृती आडवी झाली. पाय झाडले गेले. गाळ उठला. मग त्या गढूळातून नवसू बाणासारखा वर आला, डोळे विस्फारलेले, गाल फुगलेले, ओठ मिटलेले. पाण्याच्या पाठीवर एकही बुडबुडा आला नाही.

काठावर येऊन तो बराच वेळ खोकला. "काय झालं? साप व्हता का?"

"नाही. मीच ओढलं."

बायडाबाईने एक शिवी दिली, ती कुणाला उद्देशून होती हे तिने स्पष्ट ठेवले नाही. नवसू पाण्याकडे पाहत म्हणाला, "म्या तोंड मिटलं, व्हय ना?"

"हो."

"यंतर आसतं तर?"

"मेला असतास."

भाकरी तिघांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीने डबा पुन्हा खोलला, आपण कापलेला पडदा बाहेर काढला आणि कात्रीने त्याचे चार तुकडे केले. हे नवसूसाठी नव्हते. यंत्र चालते राहिले तर नवसूच्या जागी दुसरा कुणी उतरवला जाईल, वाड्यांत दम धरणारी माणसे पुष्कळ होती. मग त्याने कागदावर लिहिले: यंत्र दुरुस्त होण्याजोगे नाही. खाली सही केली. बारा वर्षांत त्याने हे वाक्य कधी लिहिले नव्हते.

दत्तोबाने कागद दोनदा वाचला. "तुमच्यानं न्हाई झालं?"

"नाही झालं."

"मंग कशाला आठ दिस घालवलं? पैल्याच दिशी सांगायचं. आन् म्या सायबाला सांगून बसलो, आमच्या लोनावळ्यात आसा मिस्त्री हाय..." पुढचे त्याने गिळले आणि खोके सायकलच्या कॅरियरवर आवळले. पेठेत ही गोष्ट दोन दिवसांत फिरणार, हे निवृत्तीला ठाऊक होते. फिरू दे, असे त्याला वाटले नाही. पण त्याने दत्तोबाला परत बोलावलेही नाही.

नवसू संध्याकाळी आला, शेडच्या दारात उकिडवा बसला.

"खोटं लिवलंत न्हवं?"

"कुणी सांगितलं?"

"मुकादम म्हनला, यंतरच भंगार हाय. मला म्हाइती हाय भंगार काय हाय ते." तो हसला, पण कडवटपणा नव्हता. "माजं नाव लिवलं आसतं तरी चाललं आसतं, भाऊ."

"माणसाचं काम जातं, यंत्राचं काही जात नाही."

"पर मुंबैचं लोक येनारच. औंदा न्हाई, पुढल्या साली. सायबानं कागद धाडलाय. औंदाची जाळी माजीच. परवा उतरनार." निवृत्ती काही बोलायच्या आत त्याने हात वर केला. "आडवू नगा. ह्यात मरन आलं तर वळखीचं येईल."

निवृत्तीने त्याला अडवले नाही. तसा अधिकार त्याच्याकडे नव्हता, आणि त्याने तो मागितलाही नसता. पण नवसू उठला तेव्हा एक थंड विचार त्याच्या मनात आला आणि तो घाईने, जवळजवळ ओरडून म्हणाला, "थांब. खाणीवर शिकवलं ते विसर. यंत्राविना उतरलास तर वर येईस्तोवर दम सोडायचा नाही. तिथं तुझंच बरोबर, सोडलास तर वाटेतच शुद्ध जाईल. कूक घालायची नाही, ऐकतोस ना? धरूनच यायचं."

नवसूने दारातून मागे वळून पाहिले, एखाद्या अडाणी माणसाकडे पाहावे तसे, जरा मायेने.

"भाऊ," तो म्हणाला, "त्ये काय म्या शिकलो व्हतो व्हय?"