म्हाताऱ्यांसाठी खडी

वाटीत पाणी, पाण्यात कवळी.

मिक्सरमध्ये शिंपले. आवाज असा की शेजारीण खिडकी लावून घेते.

अंड्यातून आरपार गेलेलं बोट.

"म्हाताऱ्या झाल्या हो तुमच्या!"

बोट बेकरीवाल्याचं. त्याने ट्रेमधून अंडं नुसतं उचललं आणि कवच खचलं. "म्हाताऱ्या झाल्या हो तुमच्या!" तो बाबांना म्हणाला. "महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर कोंबड्या खाटकाला द्या आणि नव्या आणा."

पिल्लं होती तेव्हापासून बाबांनीच वाढवलेल्या कोंबड्या. परसातलं खुराडंही त्यांनीच ठोकलेलं.

कवळी बाबांची. तिच्याशिवाय ते दूधवाल्यालाही तोंड दाखवत नाहीत. हसू आलं की आधी हात तोंडावर.

मिक्सर लेकीचा. शिंपल्यांनी कवच घट्ट होतं हे तिला ठाऊक होतं. म्हाताऱ्या जिवांना चावायचा त्रास नको, म्हणून ती शिंपले दळायची, चाळायची आणि पूड खाद्यात मिसळायची. बाबांचं जेवण करते तसंच, मऊसूत.

कवच पातळ ते पातळच.

मग एका संध्याकाळी तिच्या हातून शिंपला निसटला, फुटला. सगळ्यांत थोराड ती लंगडी कोंबडी. ती धावत आली आणि तुकडा गिळून मोकळी. मागोमाग बाकीच्या. खाद्याच्या भांड्यात पूड मात्र तळाशी तशीच.

"बाबा, ही तुकडे गिळतेय! घशात अडकेल हो!"

"अगं बाई, दात माझे गेलेत. त्यांना होते कधी?"

लेक मटकन खाली बसली. हसू आवरेना.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन.

"बरोबर हेरलंत. कवच बनतं रात्री. पूड पोटातून लगेच निघून जाते, खडी रात्रभर हळूहळू विरघळते. वय झालं की तीच हवी. संध्याकाळी द्या, जाडीभरडी द्या."

मिक्सर बंद. हातोडी सुरू. बाबा फोडणार, लेक चाळणार. चाळणही तीच, फक्त आता पूड टाकायची आणि वर राहील ते ठेवायचं.

"आता ठोकाठोकी का?" शेजारीण.

"तुम्हाला अंडी हवीत की झोप?" बाबा.

महिनाअखेर. बेकरीत गिऱ्हाइकांची रांग. ट्रे बाबांच्या हातात. लेकीने मागितला तरी दिला नाही.

बेकरीवाल्याने दोन अंडी कानाशी धरली, एकमेकांवर हलकेच आपटली. तडकलेलं अंडं बद्द वाजतं.

टण्.

आणखी दोन. टण्.

मग एक वाडग्याच्या काठावर मारलं. फुटेना. पुन्हा, जरा जोरात. फुटलं.

"नव्या आणल्यात. खरं सांगा."

"त्याच आहेत. लंगडीसकट."

"मग घालताय काय खायला, सिमेंट?"

"ते माझ्या लेकीला विचारा. डोकं तिचं."

"मानलं, ताई! उद्यापासून दोन ट्रे पाठवा."

लेकीने मान ताठ केली. आणि बाबा हसले. दोन्ही हात ट्रेला, तोंडावर न्यायला एकही मोकळा नाही. सगळ्या रांगेसमोर, खदाखदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

सकाळी घरातून निघताना कवळी वाटीतच राहिली होती.