पी, काम झालं

शांतता येणार की नाही, यावर आमच्या घरात दर शुक्रवारी सकाळी भांडण व्हायचं. भांडणारे दोघेच. एक माझे बाबा आणि दुसरे खालच्या मजल्यावरचे ओवाद्याकाका. आम्ही अरब. काका ज्यू, जन्म बगदादचा, पोरवयात तिथून हाकलले गेलेले, अरबी आमच्यापेक्षा मोकळी, त्यातल्या शिव्या तर खास. आमच्या लिद गावात अरब आणि ज्यू एकाच जिन्यावर राहतात, त्यामुळे वाद घालायला माणूस शोधत फिरावं लागत नाही.

बाबांचं मत, येणार. "दोन म्हातारे एका भांड्यातली कॉफी पितात, मग या पुढाऱ्यांना काय धाड भरलीय?"

काका मान हलवायचे. माझ्या भावाच्या नावावरून बाबांना ते अबू नझमी, म्हणजे नझमीचा बाप, म्हणायचे. "अबू नझमी, बगदादलाही आम्ही शेजाऱ्यांबरोबर कॉफी प्यायचो. कॉफीत काही दोष नव्हता."

मला विचाराल तर दोघांचाही राग यायचा, बाबांचा जरा जास्तच. मी शाळेत भूगोल शिकवते. फळ्यावर देशाची सीमा काढताना खडू कुठे थांबवायचा हे मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही, आणि बाबा मात्र जेवायला पाहुणा यायचा असल्यासारखे शांततेची वाट बघत बसलेले.

मग त्या वसंतात गाव पेटलं. आमच्या पोरांनी काकांची जुनी गाडी जाळली. त्यांच्या पोरांनी चौकात आमच्या गाडीवर दगड मारले. गाडी माझा भाऊ नझमी चालवत होता, मी शेजारी होते. एक दगड काच फोडून आत आला आणि नझमीचा डावा डोळा गेला. नझमी बसचा ड्रायव्हर. एका डोळ्याच्या माणसाच्या हातात बस कोण देणार? तेव्हापासून तो बाबांच्या घरी येऊन कोपऱ्यातल्या गादीवर पडून असायचा. बायकोशी बोलायचा नाही, आमच्याशी बोलायचा नाही. फक्त एवढंच विचारायचा, "सापडला का?"

रविवारी येऊन संशयितांचे फोटो बघा, असा मला पोलिसांचा निरोप आला. झालं, जिनाभर बातमी पसरली की रुदैनाने, म्हणजे मी, चेहरा पाहिलाय. लोकांना कुठे गप्प करत बसायचं? मीही काही बोलले नाही.

त्याआधीच्या शुक्रवारी काका नेहमीसारखे आले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले. मी वेलदोडा घातलेली कडू कॉफी ओतली. त्यांनी कप समोरच्या टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

आमच्यात याला अर्थ आहे. काही मागायला आलेला माणूस कॉफीला हात लावत नाही. यजमान "पी, काम झालं" म्हणाला की मगच तो पितो. आणि एकदा ते शब्द तोंडातून गेले की परत घेता येत नाहीत, सगळं घर त्यांना बांधलं जातं. माझ्या आत्याचं लग्न असंच ठरलं होतं. आजोबांनी मुलगा कसा आहे ते नंतर पाहिलं, आणि आत्याने तर त्याहून नंतर.

इतक्या वर्षांत काकांनी असा कप कधी ठेवला नव्हता. बाबांना गंमतच वाटली.

"काय रे, मुलगी मागायला आलास की काय? या वयात?"

कोपऱ्यात नझमीसुद्धा जरासा हसला. किती तरी दिवसांनी हसला तो.

"पी, पी. काम झालं समज," बाबा म्हणाले.

"आधी ऐकून तरी घे."

"त्यात ऐकायचं काय? गच्चीवरची टाकी बदलायची असेल. पी म्हणतो ना. काम झालं."

काका कपाकडे बघत होते. "दगड मारणारा माझा नेहोराय होता," ते म्हणाले.

नेहोराय म्हणजे त्यांच्या मुलीचा मुलगा. लहानपणी नझमीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून फुकट फेऱ्या मारायचा. स्टॉप आला की ओरडून नाव सांगायचं काम नझमीने त्याला दिलं होतं.

"रविवारी रुदैना फोटो बघणार. तिने त्याला ओळखू नये. माझं मागणं एवढंच आहे."

माझ्या हातात कॉफीचं भांडं होतं. ते कुठे ठेवायचं हेच मला कळेना. बाबांचं तोंड उघडंच राहिलं होतं, आणि मघाचं हसू अजून त्यावर तसंच होतं, ते काढायचं राहून गेलेलं. मला ते बघवेना.

नझमी गादीवर उठून बसला. "त्याला गाडी ओळखू आली नाही?"

"तेव्हा नाही. नंतर कळलं त्याला."

"मग?"

"म्हणाला, अरबाचीच होती ना." काकांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "त्याला वाईट वाटतंय, रडतोय, असं मी सांगू शकलो असतो. पण तुमच्या घरात बसून खोटं बोलवत नाही मला."

"बरोबर आहे," नझमी म्हणाला. "खोटं रुदैनाने बोलायचं."

बाबांना आत्ता कुठे आवाज फुटला. "ओवाद्या, हे मागायला तुला माझंच घर सापडलं?"

"माझी गाडी कुणी जाळली ते तुला माहीत आहे, अबू नझमी. मी कधी नाव विचारलं?"

बाबांनी खाली बघितलं. म्हणजे त्यांना खरंच माहीत होतं. गाडी जळाली त्या सकाळी हेच बाबा झाडू घेऊन खाली गेले होते आणि काकांच्या बरोबरीने काचा गोळा करत होते. मी या माणसाच्या हाताखाली वाढले, आणि मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"शब्द गेला," बाबा शेवटी म्हणाले. "पी."

काकांनी गार झालेली कॉफी एका घोटात संपवली. नझमी भिंतीकडे तोंड करून परत आडवा झाला. मग मात्र मला राहवलं नाही.

"काका, मी कुणाचाच चेहरा पाहिला नव्हता. सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली होती. रविवारी जाऊन मी एवढंच सांगून येणार होते."

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. त्या घटकेपर्यंत आमच्या घरात नाव कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी स्वतः जिना चढून ते आणून दिलं होतं. कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली गेले, आणि बाबा त्यांना दारापर्यंत सोडायलाही उठले नाहीत.

रविवारी नझमी माझ्याबरोबर आला आणि पोलीस ठाण्याच्या बाहेर थांबला. आत अधिकाऱ्याने टेबलावर फोटो मांडले. नेहोराय त्यात होता. शाळेतला हसरा फोटो, कान मोठे, आजोबांसारखे.

"यातला कुणी?"

त्याच्या आजोबांनी आमच्या घरात येऊन सांगितलंय, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. बाबांचा शब्द त्या वाक्यावर पाय देऊन उभा होता.

"मी चेहरा पाहिला नाही," मी म्हणाले.

हेच वाक्य मी गुरुवारी बोलले असते तर खरं ठरलं असतं. रविवारीही त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तरी ते बोलताना माझी मला किळस आली. अधिकाऱ्याने फोटो गोळा केले. त्याला काही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

बाहेर नझमी कठड्याला टेकून उभा होता. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.

"काय सांगितलंस?"

"खरं तेच."

त्याने हळूच मान डोलावली. "बाबांना सांग, त्यांची शांतता आली. स्वस्तात पडली."

मी त्याच्या डाव्या बाजूला होते. माझ्याकडे बघायचं तर त्याला सगळी मान वळवावी लागली असती. त्याने ती वळवली नाही.