टोपीवाला दीर

काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डाव्याचं व्हायचं होतं. अशा माणसाला मूकपट बघायला कोणी नेतं का? पण कलासंग्रहालयातले जुन्या चित्रपटांचे गुरुवार मीच सुरू केलेले. पहिल्याच खेळाला खुर्च्या ओस दिसू नयेत म्हणून घरच्यांना गोळा केलं होतं. काकू म्हणाली, "चालतंय की. मी सांगेन ह्यांना काय चाललंय ते."

काकूने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत. तिची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.

चित्रपट परक्या भाषेतला. मधूनमधून येणाऱ्या पाट्या कोणालाच वाचता येईनात. मी भाषांतर वाचून दाखवणार होते, पण आमच्या संचालकांनी ते उडवून लावलं होतं. "चित्राला शब्द लागत नाहीत!"

दहा मिनिटांत निम्मं सभागृह जांभया देऊ लागलं.

"अहो, बाई अंथरुणाला खिळलीय," काकूचं सुरू झालं. "खिडकीशी एक टोपीवाला उभा आहे. दीर असणार. लक्षण काही ठीक नाही त्याचं."

"दागिन्यांवर डोळा?" काकांनी विचारलं.

"नाहीतर काय!"

मी खुर्चीत घसरत चालले होते. "काकू, हळू ना गं!" तेवढ्यात पुढच्या रांगेतले टक्कलवाले गृहस्थ वळले. आता बोलणी बसणार!

"ताई," ते म्हणाले, "मग ती पत्र कोणाला लिहितेय?"

"माहेरी," काकूने फटकन सांगून टाकलं.

मग काय, लोक उठून आमच्या आसपास येऊन बसले. टोपीवाल्याने बाईला चमच्याने काही पाजलं, तेव्हा कोणीतरी ओरडलंच, "अगं, पिऊ नकोस!" गोंधळ ऐकून संचालक तणतणत आत आले आणि दारातच थबकले. शेवटी बाई अंथरुणातून उठली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

दिवे लागल्यावर संचालकांनी घसा खाकरला. "तो दीर नाही, डॉक्टर आहे. त्याच्या औषधानेच ती वाचते."

सगळे काकूकडे बघू लागले.

"डॉक्टर?" काकू म्हणाली. "बाई तापाने फणफणतेय आणि हा खिडकीतून रस्ता न्याहाळतोय? असला डॉक्टर मी दारात उभा करणार नाही!"

पुन्हा टाळ्या पडल्या. त्या आपल्याला, असं वाटून संचालकांनी मानही लववली.

सोमवारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. त्या सांगणाऱ्या बाई पुढच्या खेळाला असतील का, असे सात फोन आले होते. "विचारून बघा," ते कागदांत डोकं घालून म्हणाले. "हवं तर चित्रपट त्यांना आधी दाखवू."

काकूने ते साफ नाकारलं. "आधी बघितला तर खरं काय ते कळेल. मग सांगू काय, कपाळ? येते म्हणावं. पण ह्यांची खुर्ची माझ्या शेजारीच हवी. हे मधे काही विचारत नाहीत तोवर मला पुढचं सुचत नाही."